मैनेची गोष्ट चार पानांत

माझ्या कादंबरीचं एक पान शेवंतीच्या पुडीतून गेलं, आणि परत आलं ते देवीदास राऊत नावाच्या माणसाच्या हातात. पहिल्या भेटीत तो मला आवडला नाही, हे आधीच सांगून टाकते. प्रेमकथा वाचणाऱ्या मुली उगाच पहिल्या पानापासून आशा लावून बसतात.

झालं असं, की मार्गशीर्षातल्या त्या रविवारी मामीकडची पळसाची पानं संपली. आमचं दुकान म्हणजे अंबादेवीच्या वाटेवर अंथरलेलं गोणपाट, फुलांच्या टोपल्या आणि मागे बसलेली माझी मामी, पार्बताबाई. फुलं आमच्याच वडाळीच्या मळ्यातली. मी आठवडाभर मुलींच्या शाळेत शिकवायची आणि रविवारी सकाळी मामीच्या मदतीला बसायची. पानं संपली तशी मामीनं माझ्या पिशवीत हात घातला, खाडाखोड केलेल्या कागदांचा गठ्ठा वर काढला आणि एकेका कागदात पुडी बांधायला लागली. मी हरकत घेतली नाही. घरी चांगली प्रत होती. शिवाय मामीच्या कामात हरकत घेऊन कुणाचं भलं झालेलं मी पाहिलं नव्हतं.

एक सडपातळ माणूस आला. कोट, धोतर, बूट, हातात चामडी बॅग. कुठल्याशा वाचनालयाच्या अध्यक्षांसाठी हार आणि थोडी सुटी शेवंती घेऊन गेला, आणि जरा वेळानं तोच परत आला. अध्यक्षांचा हार त्याच्या मनगटावर लोंबत होता, सुटी फुलं कोटाच्या खिशात कोंबलेली, आणि हातात उलगडलेला कागद.

"बाई, याच्या पुढचं पान कोणाला दिलंत?"

"काहून?" मामी म्हणाली. "फुलं कमी भरली काय?"

"फुलं बरोबर आहेत. हे बघा ना — राजाचा कोतवाल मैनेच्या अंगणातल्या कडुनिंबाची सावली चटईसारखी गुंडाळतो, काखेत मारतो आणि चालू लागतो. मैना दारात उभी. ती तोंड उघडते... आणि पान संपतं! काय म्हणते ती?"

माझं वाक्य दुसऱ्या कुणाच्या तोंडून मी तोवर ऐकलं नव्हतं. कान तापले. पण आवाज मी शाळेतलाच ठेवला.

"पुढचं पान झेंडूवाल्या बाईंनी नेलं. त्या राजापेठेकडे गेल्या."

त्यानं खरंच राजापेठेकडे पाहिलं. "धावत गेलो तर सापडतील?"

"तुमचे अध्यक्ष वाट पाहत असतील."

"अध्यक्ष कुठं पळून जातात?" मग त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं. "हे तुम्ही लिहिलंय?"

"पुड्या मामी बांधते. लिहिते मी."

"मग तोंडी सांगा. काय म्हणते ती?"

मी सांगणारही होते. पण मामीनं शेवंतीची दांडी त्याच्यावर रोखली. "दिवसा गोठ नाई सांगाची!"

आमच्याकडे दिवसा गोष्ट सांगत नाहीत. सांगितली तर मामा वाट चुकतो म्हणतात. कोणाचा मामा, कोणती वाट, हे कुणी विचारत नाही. आणि मामीच्या बाबतीत तर विचारायचं कामच नव्हतं, कारण घरातला मामा म्हणजे तिचा स्वतःचा नवरा. माझा मामा, किसनराव, त्याच वेळी वांग्यांच्या टोपल्या घेऊन मोटारीनं दर्यापूरच्या बाजाराला निघाला होता.

"मग रात्री येऊ?" त्यानं अगदी निरागसपणे विचारलं.

मामीनं त्याला पागोट्यापासून बुटापर्यंत पाहिलं असतं, पण त्याच्या डोक्यावर टोपीच होती. "रात्री? घरात जवान पोरगी हाये, भाऊ."

म्हणजे दिवसा गोष्ट चालत नाही आणि रात्री माणूस चालत नाही. पुढचं सगळं या दोन अडचणींच्या मधल्या बोळातून झालं.

"मी एजंट आहे," तो म्हणाला.

"इम्याचा?" मामीनं टोपली जवळ ओढली.

"पुस्तकांचा."

मुंबईचा एक प्रकाशक होता, त्याचा हा फिरता एजंट. बुलढाण्यापासून यवतमाळपर्यंत वाचनालयांतून मागण्या गोळा करायच्या, आणि कुठे कुणी लिहिणारं सापडलं तर त्याचा माल मालकांपुढे ठेवायचा. मात्र मालक हस्तलिखित वाचत नसत. त्यांना चार पानांचा सारांश लागे. हा सारांश ते दुपारी जेवण झाल्यावर सुपारी कातरता कातरता वाचत, आणि शेवटपर्यंत वाचला तर पुस्तक छापत.

"मी परत येईन," तो म्हणाला. "चार पानं करून ठेवा. राजा, मैना, सावली, सगळं."

तो गेला. खिशातली एक शेवंती वाटेत पडली, ती मामीनं उचलून टोपलीत टाकली.

माझं पुस्तक छापलं जावं एवढंच मला हवं होतं, दुसरं काही नाही. आई गेल्यावर मामानं मला वाढवलं, शिकवलं, शाळेत लावलं. तक्रार करायला जागा नव्हती. पण तीन उन्हाळे शाळेच्या सुट्टीत बसून मी ती कादंबरी लिहिली होती, आणि ती कपाटात साड्यांखाली पडली होती. आमच्या भागात वैशाखात सावली सोन्याच्या मोलाची. म्हणून माझ्या कादंबरीतला राजा सोनं मागत नाही, सावली मागतो. सारा म्हणून घराघरातून सावल्या गोळा करतो. झाडं पानांनी भरून उभी, आणि खाली नुसतं ऊन. माळ्याची मुलगी मैना ती सावली परत आणायला निघते. हे सगळं कुणीतरी वाचावं, मी मेल्यावर नव्हे, मी पाहत असताना.

तर मी सारांश लिहिला. तो लिहिताना मला कळलं की चार पानं म्हणजे फार थोडी जागा.

देवीदास वडाळीला आमच्या घरी आला तेव्हा दुपार होती. मामी ओट्यावर मेथी निवडत होती. थंडीतलं ऊन अंगावर घेत मी तिच्या शेजारी बसले होते, आणि त्यानं बसायच्या आधीच मामीनं बजावलं, "आज ते अकोल्याले गेले. आज गोठ नाई म्हंजे नाई."

"सारांश म्हणजे गोष्ट नव्हे, बाई."

"मंग काय हाये?"

"कोर्टातली कैफियत समजा. कोण, कुठली, काय मागते, कोण देत नाही. बस."

मामी कोर्टाच्या पायऱ्या चढलेली होती, बांधाच्या भांडणात. तिनं मान हलवली. "कैफियत असंन त चालू द्या. गोठ झाली का मी थांबवीन."

मी माझा सारांश त्याच्यापुढे ठेवला. त्यानं हातात घेऊन तोलला.

"हा सारांश?"

"थोडा लांबला."

"यात विहिरीचंच वर्णन दोन पानं आहे."

"विहीर बोलते."

"बोलू द्या ना. पण मुंबईला ऐकायला कोण बसलंय?"

"तुम्ही कधी बोलणारी विहीर पाहिली आहे?"

"नाही."

"मग तिला गप्प कशी करता?"

तो हसला. हसताना तो पुस्तकांचा एजंट दिसत नव्हता, सुट्टी मिळालेला विद्यार्थी दिसत होता. "वाचा," तो म्हणाला. "मी ऐकतो."

मी वाचू लागले. बोलणारी विहीर झाली, मामी मेथी निवडत होती. प्रधानाचे जुळे मुलगे झाले, मामी मेथी निवडत होती. दोन डोक्यांचा पक्षी आला, शहराचे दरवाजे आले, दरवाज्यांवरची नक्षी आली... जुड्यांवर जुड्या होत होत्या. मग मैना निघते त्या सकाळी तिची म्हातारी आई भर उन्हात बाज टाकून पडलेली असते, आणि मैना स्वतः उन्हाकडे पाठ करून उभी राहते, आपली सावली आईच्या तोंडावर पडेल अशी. जाता येत नाही. हलली की आईच्या डोळ्यांवर ऊन येतं...

"थांब!" मामी ओरडली. "हे गोठ होऊन राहिली!"

मी थांबले. देवीदासनं कागदावर पेन्सिलीनं खूण केली.

पुढे जंगलाचं वर्णन होतं. मामी पुन्हा मेथीकडे वळली. मग सावल्यांच्या कोठाराचा राखणदार आला. तरुण माणूस, त्याला स्वतःला सावलीच नाही, कारण नोकरीवर ठेवताना राजानं आधी त्याचीच काढून घेतली. मैना त्याच्यापुढे उभी राहते, आणि तिची सावली त्याच्या पायांवर पडते. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याच्या पावलांना गार लागतं...

"थांब म्हटलं ना! ते अकोल्याच्या वाटेवर हायेत, तुले समजत नाई काय?"

पुन्हा खूण. असं संध्याकाळपर्यंत चाललं. शेवटी त्यानं कागद माझ्याकडे फिरवले.

"मामींनी थांबवलं तेवढं ठेवा. त्या मेथी निवडत राहिल्या ते सगळं काढा."

"आणि माझी विहीर?"

"विहिरीच्या वेळी त्यांनी अर्धी टोपली निवडली."

मला त्याचा इतका राग आला की मी त्याला चहा विचारला नाही. मग रात्री खुणा पाहून चार पानं लिहिली, आणि ती बरोबर उतरली. तो बरोबर होता म्हणून राग वाढायला हवा होता. तसं झालं नाही. त्याच्या पेन्सिलीच्या खुणांकडे मी गरजेपेक्षा जास्त वेळ पाहत बसले, आणि मग दिवा बारीक केला.

एक गोष्ट मात्र त्या दुपारी राहिली होती.

"शेवट?" त्यानं निघताना विचारलं होतं.

"शेवट मी सांगत नाही."

"सारांशात सांगावाच लागतो."

"शेवट आधीच कळला तर वाचेल कोण?"

"वाचकाला नका सांगू. मालकांना सांगा. शेवट न बघता ते पैसा घालत नाहीत. तुम्ही तरी... घर न बघता कुणी मुलगी देतं का?"

उदाहरण जरा भलतीकडेच गेलं हे आम्हा दोघांच्या एकदमच लक्षात आलं. त्यानं बॅगेचा पट्टा ओढून घट्ट केला, तो आधीच घट्ट होता.

त्या रात्री मामा घरी आला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी आला, तो धामणगावहून. अकोल्याला जायला बडनेऱ्यावर गाडी बदलायची असते. तिथं दोन गाड्या उभ्या होत्या, मामा नागपूरकडच्या गाडीत बसला आणि गाढ झोपला. धामणगावला जागा झाला, एका ओळखीच्या माळ्याकडे जेवला, मुक्काम केला, आणि येताना त्याच्याकडची पेरूची टोपली घेऊन आला. मामा खूश होता. मामी नव्हती.

"तुमच्या कैफियतीनं माह्या नवऱ्याले धामणगाव दाखवलं," तिनं पुढच्या वेळी देवीदासला दारातच सांगितलं. "आता या घरात पुस्तकाचं नाव नाई."

मला वाटलं, संपलं. कादंबरी साड्यांखाली जाणार आणि हा माणूस यवतमाळच्या मोटारीत बसणार. दोन्हींपैकी कोणती गोष्ट जास्त नको होती ते मी स्वतःला विचारलं नाही. तो मात्र बूट काढून आत आला आणि पेरू खात बसलेल्या मामासमोर हात जोडून उभा राहिला.

"चूक माही हाये, किसनराव. मीच त्याईले दिवसा गोठ सांगाले लावली. मले ठाऊक होतं, अन् तरी लावली."

मामी कंबरेवर हात ठेवून बघत राहिली. "अरे! तुले आपलं बोलता येते?"

तो लाल झाला. "मी अकोल्याचा हाये, मामी. आमच्या बापाचं, शेषरावचं, तिथं भाजीचं दुकान हाये."

"मंग असा पुण्यावानी काहून बोलत होता?"

"मालकाची सवय लागली."

"लागू नको देऊ," मामी म्हणाली, आणि चहा ठेवायला गेली. बंदी तिथंच उठली. भाजीवाल्याच्या पोरावर फार वेळ रागवायला तिला जमत नसे. फक्त एक अट राहिली: पुस्तकाचं बोलणं मामा डोळ्यांसमोर बसलेला असतानाच करायचं. त्यामुळे पुढच्या काही रविवारी दुपारी मामा ओट्यावर हारांचे दोरे वळत ओलीस बसायचा, मामी निवांतपणे मधून मधून "मंग?" म्हणायची, आणि आम्ही चार पानांवर काम करायचो. शब्द काढायचो, घालायचो, पुन्हा काढायचो. एका शब्दावरून आम्ही दुपारभर भांडलो. तो जिंकला आणि नंतर म्हणाला, "तुमचाच बरा होता."

"मग भांडलात कशाला?"

"लवकर संपलं असतं ना!"

एकदा मी विचारलं, "यवतमाळच्या वाचनालयांचं काय झालं? तुम्ही तिकडे जाणार होतात."

"निघालो होतो तिकडेच." त्यानं आवाज उतरवला, मामापर्यंत जाऊ नये म्हणून. "मीही मामा आहे. अकोल्याला बहिणीचं पोर आहे. कोणी दिवसा गोठ सांगून राहिलं असंन... मी वाट चुकलो."

"सारख्या वाटा चुकता?"

"एकच. पण दर रविवारी."

मी कागदाकडे पाहिलं. कागदावर काय लिहिलं होतं ते मला वाचता येत नव्हतं, इतकंच सांगते.

माघाच्या अखेरीस सारांश तयार झाला. शेवट मी त्याच्यासमोर लिहिला नाही. घरी एकटीनं लिहिला, चारी पानं दुमडून त्याच्या हातात दिली.

"इथं वाचू नका. गाडीत वाचा."

त्यानं पानं कोटाच्या आतल्या खिशात ठेवली. त्या खिशावर एकदा हात ठेवला, आणि गेला.

मग फाल्गुन गेला, चैत्र गेला. तो एकदाही आला नाही. माल मालकांकडे गेला होता, त्याचं काम झालं होतं. यायचं कारण उरलं नव्हतं. मी शाळेचे पेपर तपासले. शाई लाल होती, आणि मुलींना त्या वर्षी गुण कमी पडले.

तो आला ते वैशाखात, भर दुपारी, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं तेव्हा. टोपीखालून घामाची रेघ कानापर्यंत आलेली. मामीनं गूळपाणी दिलं. आम्ही चौघं आंब्याखाली बसलो. त्यानं मालकांचं पत्र काढलं आणि मोठ्यानं वाचलं.

मालकांनी सारांश शेवटपर्यंत वाचला होता. सुपारी कातरायची राहून गेली, असंही लिहिलं होतं. असं मराठीत आपण वाचलेलं नाही, दिवाळीपर्यंत पुस्तक काढू, दोन रंगांत मुखपृष्ठ करू. मी उठले. का उठले ते आठवेना म्हणून पुन्हा बसले. मामानं माझ्या डोक्यावर हात ठेवला. 

"पुढं आहे," देवीदास म्हणाला. तो माझ्याकडे बघत नव्हता.

पुढे एकच अट होती. शेवट बदलायचा. माझ्या शेवटी मैना कोठार उघडते, पण त्याचं दार असं, की कुणीतरी आतून धरून ठेवलं तरच उघडं राहतं. ते राखणदार धरतो. साऱ्या सावल्या एकेक करून बाहेर पडतात, आपापल्या झाडांकडे, भिंतींकडे, माणसांकडे जातात. मैनेच्या आईच्या बाजेवर कडुनिंबाची सावली येते. आणि राखणदार आत राहतो. मालकांचं म्हणणं, हा मुलगा बाहेर काढा आणि दोघांचं लग्न लावा. पुस्तक मुलींच्या हातात जायचं आहे, त्या रडून पुस्तक फेकतील.

"मंग लाव ना लगन!" मामी म्हणाली. "मी त कवाची तेच म्हणून राहिली. काहून ठेवला त्याले अंदर?"

"एक त पान हाये, बापा," मामा म्हणाला. "बदलून टाक."

"मामी, तो बाहेर आला का दार बंद होते," मी म्हणाले. "मंग कोणाच्या झाडाची सावली अंदर ठेवू? तू सांग. कोणत्या घरची?"

मामी विचार करू लागली. एकेक घर तिनं बोटांवर मोजलं, आणि हात पदरात घेतला.

मी देवीदासकडे वळले. "तुमाले काय वाटते?"

"एजंट म्हणून विचारता?"

"तुमाले विचारते."

त्यानं पत्राची घडी घातली. "मी तो शेवट बडनेऱ्याच्या फलाटावर वाचला. गाडी आली, उभी राहिली, गेली. मी बाकावरच. दुसरी आली तेव्हा हमालानं उठवलं. बदलू नका."

"हे बोलणं सोपं आहे," मी म्हणाले. "पुस्तक माझं राहणार साड्यांखाली. तुमचं काय जाते?"

"पुस्तक छापलं त मले दिवाळीपर्यंत इथं यावं लागंन," तो म्हणाला. "तपासाले कच्चे छाप घेऊन, दर पंधरवड्याले. नाई छापलं त मले याचं कारणच नाई. माहं काय जाते ते तुमीच पाहा."

मामानं खाकरून घसा साफ केला आणि मामीला म्हणाला, "चाल, फुलं भिजवून ठेवू." मामी म्हणाली, भिजवली आहेत. मामा म्हणाला, मग पुन्हा भिजवू. दोघं आत गेली.

आंब्याखाली मी एकटी बसले, तो जरा दूर. माझ्यापुढे हिशेब स्वच्छ होता आणि मला तो नको होता. एक पान बदललं की पुस्तक मिळत होतं, आणि हा माणूसही मिळत होता, निदान दिवाळीपर्यंत. नाही बदललं तर दोन्ही जात होतं. मी मनात बदलून पाहिलं. राखणदाराला बाहेर काढलं, मांडव घातला, मैनेला हिरवा चुडा भरला. मग गावात एक घर शोधलं जिथली सावली आत राहील. एकाही घरात मला तसं करवेना. मी रडले, चांगली रडले, आणि त्यानं मला रडू दिलं. रुमाल वगैरे पुढे केला नाही, याबद्दल मी अजून त्याची आभारी आहे.

मग मी घरात जाऊन मालकांना नकार लिहिला. एवढंसं पत्र. शेवट आहे तोच राहील, कृपया सारांश परत पाठवावा. ते पुस्तक मुंबईत निघालं नाही, हे मैनेच्या बाजूनं उभ्या असलेल्यांना इथंच सांगते. पत्र त्याच्या हातात दिलं. त्यानं वाचलं आणि कोटाच्या बाहेरच्या खिशात ठेवलं.

"बरं," तो म्हणाला.

"बरं."

तो ओट्यावर बसून बूट घालू लागला. एक बूट झाला. दुसऱ्याची नाडी त्यानं बांधली, सोडली, पुन्हा बांधली. रस्त्यावरून ऊन येत होतं, डोळे उघडे ठेवणं कठीण.

"मग आता," तो खाली बघत म्हणाला, "मी कोणत्या कामासाठी येऊ?"

मी शाळेत शिकवत होते. सभ्य मुलीनं काय बोलावं आणि काय बोलू नये हे आठवड्याला एक तास मी मुलींना सांगत होते. ते सगळं मला त्या वेळी आठवत होतं.

"काम नसलं तरी या," मी म्हणाले.

त्याचे हात नाडीवर थांबले.

"लोक विचारतील, हा कोण."

"विचारतीलच."

"मग काय सांगाल?"

"मले तुमी आवडता, असं सांगीन," मी म्हणाले. "खोटं बोलाची मले सवय नाई. पण लोकाईच्या आधी घरात समजलेलं बरं."

त्यानं मान वर केली. चेहऱ्यावर ऊन होतं, पण डोळे त्यानं मिटले नाहीत. मग काही न बोलता त्यानं बांधलेल्या नाड्या सोडल्या, दोन्ही बूट काढले, भिंतीशी नीट लावून ठेवले आणि अनवाणी आत गेला. मी ओट्यावरच उभी राहिले. आत पाण्याचा आवाज येत होता. मामा आणि मामी भिजलेली फुलं खरोखरच पुन्हा भिजवत होती.

"काहो," मामाचा आवाज आला, "काई इसरलं काय?"

"नाई, मामा," देवीदास म्हणाला. "इचाराचं राहिलं."